नखं

कुत्र्याचा आजार आधी नखांत ऐकू येतो.
सिमेंटच्या अंगणात टकटक, टकटक,
जणू कुणी एका बोटाने सावकाश अर्ज टाइप करतंय.
मग डोळ्यांभोवतीचे केस जातात,
कानांच्या कडांना खपल्या धरतात,
आणि ते शहाणं जनावर
भिंतीच्या सावलीबरोबर सरकत राहतं दिवसभर.

सोळा वर्षं झाली, मी तेरेझिनाच्या कडेच्या वस्त्यांत
कुत्र्यांचे कान टोचतो.
कागदावर रक्ताचा एक थेंब, खाली नाव, गल्ली, रंग.
नावाच्या रकान्यात मी खरंच नाव लिहितो.
ऑफिसात हसतात.

पितोंबा. पिवळी. मादी.
(एका फळाचं नाव; बी मोठी, गर जेमतेम.)
पोती नदीच्या अंगाला, शेवटून तिसरं घर.
मालकीण: दोना झुल्मीरा.

माशी दिसत नाही म्हणतात लोक. दिसते.
वाळल्या गवताच्या रंगाची, तिळाहून लहान,
भिंतीवर बसली तरी पंख उभेच ठेवते,
बूड न टेकणाऱ्या पाहुण्यासारखी.
गुणगुणत नाही. डासाला निदान रीत आहे,
येतो तर सांगून येतो.
ही खुराड्याखालच्या ओल्या मातीत जन्मते,
काजूच्या कुजक्या पानांत,
आणि दिवेलागणीला बाहेर पडते,
नेमकी तेव्हा, जेव्हा माणसं खुर्च्या दाराबाहेर काढतात,
कुत्री पायाशी येऊन पसरतात
आणि पोरं कुत्र्यांवर.

आम्ही ह्याला कलाझार म्हणतो.
शब्द आमचा नाही. आला असेल कुठल्या जहाजातून,
ताप चढलेल्या कुणाच्या तोंडून.
अर्थ मला कुणी सांगितला नाही.

झुल्मीराचा नातू एरिव्हान, वय चार,
तीन आठवडे इस्पितळात होता.
हातापायांच्या काड्या, पोट कलिंगडासारखं.
डॉक्टरीणबाईंनी पेनाने पोटावर रेघ ओढली,
पानथरी इथवर आलीय म्हणून.
दर दोन-तीन दिवसांनी नवी रेघ, किंचित वर.
घरी आला तेव्हा शेवटची रेघ पुसट होत होती.
ती त्याने सगळ्यांत आधी पितोंबाला दाखवली.

चौथ्या दिवशी मी गाडी घेऊन गेलो.

"कुणी कुणाला दिला?" झुल्मीराने विचारलं.
मी पाठ केलेलं म्हणालो:
कुत्र्यातून माशीत, माशीतून मुलात.
"मग माशीला का नेत नाहीस?"
"माशीला न्यायला गाडी नाही, दोना."
"आणि कोंबड्या?"
"कोंबड्यांना होत नाही."
"त्यांच्याच खुराड्यात माशी वाढते म्हणालास."
"हो."
"म्हणजे जिला झाला तिला न्यायचं,
जिच्या घरी वाढला तिला ठेवायचं."

नदीपलीकडच्या इमारतींत
कुत्र्यांना औषध मिळतं, गळ्यात माशी पळवणारा पट्टा मिळतो.
इथे मी मिळतो.
हे मी तिला सांगितलं नाही. तिला ठाऊक होतं.
ती तिथेच कपडे धुवायला जाते.

मी कागद पुढे केला.
तिने सही केली नाही, अंगठाही नाही.
दोरी हातात दिली.

पितोंबा आपणहून गाडीत चढली.
पिंजऱ्याची कडी लावताना तिने माझं मनगट चाटलं.
घामात मीठ असतं. तेवढंच असेल.

तीन महिन्यांनी फवारणीला गेलो
तर त्याच खुंटाला, त्याच दोरीला
एक काळं पिल्लू.
"नाव काय ह्याचं?"
एरिव्हान म्हणाला, "पितोंबा."
"अरे, पण हा नर आहे."
"हो. पितोंबा."
मी रकान्यात लिहिलं.

घरी माझीही एक आहे, म्हातारी, एका डोळ्याने अधू.
तिचा कान मी अजून टोचलेला नाही.
दर रविवारी तिला मांडीवर घेतो, नखं कापतो.
बायको म्हणते, आठ दिवसांत वाढतात तरी किती?
मी मान खाली घालून कापत राहतो.
कापलेली नखं वाजत नाहीत.